ओढ

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुंका. आणखी. आणखी थोडं.
ओन्नी फुंकत राहिला, माझा बाप,
चाळीस वर्षं तांबडा सीडर कापत आलेला,
आणि कागदावरची रेघ
टेकडी चढायच्या आधीच खाली बसली.
लाकडाचा दमा, त्या म्हणाल्या.
कुठल्या लाकडाचा? त्याने विचारलं,
जसं काही आमच्या शेडमध्ये दुसरं लाकूड होतं.

माल्कम बेटाकडे परतताना
फेरीबोटीत मी कॅटलॉग उघडला.
पिशवीवालं यंत्र स्वस्त होतं,
जाडा भुसा पोटात ठेवणारं
आणि बारीक धूळ वरच्या कापडातून
आपल्यालाच परत देणारं.
दुसरं भोवऱ्याचं. पत्र्याचं उंच नरसाळं,
आत हवा गरगरते, भुसा कडेला फेकला जाऊन
पिंपात पडतो,
उरलेलं घडीघडीच्या फिल्टरात अडकतं.
किंमत वाचून बापाने खिडकीबाहेर पाहिलं.
नाकापेक्षा मोती जड, असं त्याच्या पाठीवर लिहिलं होतं.

पण प्रश्न नाकाचाच होता.

विक्रेता लेस्टर, कॅम्पबेल रिव्हरहून, फोनवर
अश्वशक्तीचे आकडे सांगत सुटला.
मी विचारलं, फिल्टर किती बारीक अडवतो?
मोटर दणकट आहे, तो म्हणाला.
मी पुन्हा विचारलं.
हिरव्या रंगातही मिळतं, तो म्हणाला.

त्या रात्री शेडमध्ये दिवे घालवून
मी टॉर्च लावला.
करवत बंद होऊन तास झाला होता,
जमीन झाडलेली, टेबलं पुसलेली,
आणि उजेडाच्या त्या एका पट्ट्यात
माझ्या तोंडाच्या उंचीवर
सगळं अजून तरंगत होतं.
झाडूने आजवर आमची समजूत काढली होती, एवढंच.

मग खडू घेऊन जमिनीवर पाइप आखायला बसले.
रंधा मशीन इथे, गोल करवत तिथे,
आणि पट्टा करवत पार पलीकडे, समुद्राच्या खिडकीशी.
दोन वळणं, एक चढ, शेवटी हातभर लवचिक नळी.
बाप दारात उभा होता, आत यायची बंदी.
तिथूनच म्हणाला,
नळी नको. आतल्या कड्यांवर वारा अडखळतो.
आणि वळणही नको,
प्रत्येक कोपऱ्यावर ओढ थोडी मरते.
सौनाच्या चुलीचं धुराडं तीनदा बसवलंय मी,
धूर काय, भुसा काय,
सरळ वाट दिली तरच जातात.

सरळ वाट एकच होती.
पट्टा करवत खिडकीपासून उचलून भिंतीशी आणायची.
एकतीस वर्षं त्याने त्या खिडकीशी वल्ही कापली,
भरती-ओहोटी न बघता सांगायचा,
म्हणजे बघूनच सांगायचा, हे आम्हाला उशिरा कळलं.
मी खडू तसाच धरून थांबले.
तो म्हणाला, आण भिंतीशी.
तिथे तुला उभं राहायचंय, मला नाही.

भोवरा मंगळवारच्या बोटीने आला. हिरवा.
पैशांसाठी माझी लहान होडी गेली,
त्याबद्दल घरात कोणी बोललं नाही.
सुरू केलं तेव्हा पत्र्याचा घसा खाकरला,
मग एकसुरी घोंगावणं,
आणि करवतीखालून भुसा असा निघून गेला
जसा कधी आमचा नव्हताच.
रात्री टॉर्च लावला.
पट्टा जवळजवळ रिकामा. जवळजवळ.
म्हणून मुखवटा अजून खुंटीवर आहे,
आणि मी तो घालते.

एक गोष्ट कॅटलॉगमध्ये नव्हती.
शेडचा वास गेला.
मी कपडे झटकायला बाहेर येते तेव्हा बाप
काही न विचारता जरा जवळ उभा राहतो,
मग स्वतःच दोन पावलं मागे सरतो.

शुक्रवारी मी पिंप ओढत अंगणात आणते.
झाकण घट्ट. ते त्याच्यासमोर उघडायचं नाही, ठरलंय.
तो बोटांच्या पेरांनी पत्र्यावर ठोकतो,
त्या बाईंनी त्याच्या पाठीवर ठोकलं होतं तसं,
वरून खाली, कान देऊन.
पोकळ.
पोकळ.
मग एके ठिकाणी आवाज बदलतो
आणि तो बोट तिथेच ठेवतो.